सिंह एकाचा, खजिना दुसऱ्याचा: एमजीएम स्टुडिओच्या शंभर वर्षांचा हिशेब

टॉम अँड जेरीच्या जुन्या कार्टूनच्या सुरुवातीला एक सिंह मान वळवून डरकाळी फोडतो. घरोघरच्या दोन-तीन पिढ्यांना तो सिंह ओळखीचा आहे. पण आज हा सिंह एका कंपनीचा आणि टॉम-जेरी दुसऱ्याच कंपनीचे, हे फार थोड्यांना माहीत असेल. सिंहाचं बोधचिन्ह असलेली मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजेच एमजीएम, २०२२ पासून ॲमेझॉनच्या मालकीची आहे. तिच्या भरभराटीच्या काळातले 'गॉन विथ द विंड', 'द विझर्ड ऑफ ओझ' आणि टॉम-जेरी मात्र वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत.

असं कसं झालं, हे समजून घ्यायचं तर या स्टुडिओचा शंभर वर्षांचा जमाखर्च पाहावा लागतो. थिएटरं, जमीन, सेट, कपडे, नटांचे करार असं सगळं या कंपनीने टप्प्याटप्प्याने विकलं किंवा गमावलं. नंतरचे बहुतेक खरेदीदार मात्र एकाच गोष्टीसाठी पैसे मोजत राहिले. ती गोष्ट म्हणजे डब्यांत पडून असलेले जुने चित्रपट आणि त्यांचे हक्क.

थिएटरवाल्याने काढलेला स्टुडिओ

या गोष्टीची सुरुवात कॅलिफोर्नियात नाही, न्यूयॉर्कमध्ये होते. मार्कस लो हा तिथला थिएटरमालक. त्याच्या 'लोज' कंपनीकडे थिएटरांची मोठी साखळी होती, पण त्यात लावायला चांगल्या चित्रपटांचा नियमित पुरवठा नव्हता. दुकान आहे आणि माल नाही, अशी अवस्था. म्हणून १९२० मध्ये त्याने मेट्रो पिक्चर्स ही निर्मिती कंपनी घेतली. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९२४ मध्ये गोल्डविन पिक्चर्स घेतली. तिच्यासोबत लॉस एंजलिसजवळच्या कल्व्हर सिटीतला मोठा स्टुडिओही आला.

स्टुडिओ मिळाला, पण तो चालवणारं माणूस हवं होतं. त्यासाठी लोने लुई बी. मेयरची छोटी कंपनीही घेतली. १७ एप्रिल १९२४ रोजी या तिन्हींचं विलीनीकरण झालं. मेयरचा जन्म रशियन साम्राज्यातला, बालपण कॅनडात गेलं. बापाचा भंगाराचा धंदा होता आणि पोरगाही त्यात राबला. १९०७ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिल गावात एक पडीक थिएटर घेऊन या व्यवसायात पाय ठेवला. त्याच्यासोबत आलेला निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग तेव्हा अवघ्या २४ वर्षांचा होता.

यातला गमतीचा भाग म्हणजे नावातला 'गोल्डविन'. सॅम्युएल गोल्डविन १९२२ मध्येच स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडला होता. एमजीएममध्ये त्याने एक दिवसही काम केलं नाही, पण त्याचं नाव आजही पाटीवर आहे.

सिंहही गोल्डविन कंपनीकडूनच आला. हॉवर्ड डिट्झ या जाहिरातीच्या माणसाने तो सुचवला होता. सिंहाभोवतीच्या पट्टीवर लॅटिन भाषेत 'कलेसाठी कला' अशा अर्थाचं वाक्य आहे. एमजीएमचा पहिला सिंह स्लॅट्स मूकपटाच्या काळातला, त्यामुळे त्याची डरकाळी पडद्यावर कधी ऐकू आली नाही. १९२८ मध्ये जॅकी नावाच्या सिंहाची डरकाळी पहिल्यांदा प्रेक्षकांनी ऐकली. आपण सगळे ज्याला ओळखतो तो लिओ १९५७ पासूनचा. २०२१ मध्ये त्याच्या जागी संगणकावर तयार केलेला सिंह आला.

पगारी तारे आणि त्यांची किंमत

मार्कस लो १९२७ मध्ये वारला. त्यानंतर निकोलस शेंक न्यूयॉर्कमधून पैशाचा कारभार बघू लागला आणि मेयर कॅलिफोर्नियात स्टुडिओ. १९२९ मध्ये विल्यम फॉक्सने लोज कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेऊन एमजीएम गिळण्याचा प्रयत्न केला. पण सरकारने मक्तेदारीचा आक्षेप घेतला, फॉक्सला मोटार अपघात झाला आणि पाठोपाठ शेअर बाजार कोसळला. एमजीएम वाचली.

पुढचं दशक तिचं होतं. मंदीच्या काळात इतर मोठे स्टुडिओ डबघाईला आले, काही दिवाळखोरीत गेले, एमजीएम मात्र नफ्यात राहिली. 'आकाशात नाहीत इतके तारे आमच्याकडे' अशा अर्थाची तिची जाहिरात असे. ग्रेटा गार्बो, क्लार्क गेबल, जोन क्रॉफर्ड, स्पेन्सर ट्रेसी, जूडी गारलंड असे सगळे कराराने बांधलेले होते. आपल्याकडे कोल्हापूर-पुण्याच्या प्रभातमध्ये जशी कलावंत आणि तंत्रज्ञ मंडळी पगारावर होती, तशीच ही पद्धत, फक्त आकार अवाढव्य. लेखकांपासून सुतारांपर्यंत सुमारे चार हजार माणसं कामाला होती.

थालबर्गची पद्धत सोपी आणि खर्चिक होती. तयार चित्रपट आधी साध्या प्रेक्षकांना दाखवायचा, तो कुठे कंटाळतो ते बघायचं आणि तेवढा भाग पुन्हा चित्रित करायचा. १९२९ चा 'द ब्रॉडवे मेलडी' हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा पहिला बोलपट एमजीएमचाच. ऑस्कर देणारी अकादमी स्थापन करण्याची कल्पना मेयरची आणि ऑस्करच्या बाहुलीचा आराखडा एमजीएमचा कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्सचा. थालबर्ग १९३६ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी वारला.

या कराराला दुसरी बाजूही होती. कोणत्या चित्रपटात काम करायचं हे स्टुडिओ ठरवणार. नकार दिला तर बिनपगारी निलंबन, आणि निलंबनाचे दिवस कराराच्या मुदतीत पुढे जोडले जात. वॉर्नरविरुद्ध ओलिव्हिया दी हॅविलंड न्यायालयात गेली आणि १९४४ मध्ये जिंकली, तेव्हा कुठे ही मुदतवाढ सगळ्यांसाठीच बंद झाली. जूडी गारलंड १९३५ मध्ये १३ वर्षांची असताना एमजीएममध्ये आली. जास्त तास काम करता यावं म्हणून गोळ्या दिल्या जात, हे तिने पुढे स्वतः सांगितलं. १९५० मध्ये तिचा करार संपवण्यात आला. १९६९ मध्ये ती गेली तेव्हा वय होतं ४७. ज्या चित्रपटांवर पुढे अब्जावधींचे सौदे झाले, त्यात काम करणाऱ्या बहुतेकांना ठरलेल्या पगारापलीकडे काहीच मिळालं नाही.

मुंबईतली मेट्रो

चित्रपट आपणच काढायचा, आपणच वितरित करायचा आणि आपल्याच थिएटरात लावायचा, हा लोज कंपनीचा खाक्या होता. परदेशातही तिने हेच केलं. कोलकात्याच्या पाठोपाठ मुंबईत धोबीतलावला १९३८ मध्ये 'मेट्रो' थिएटर उभं राहिलं ते याच कंपनीचं. मेट्रो हे नाव मेट्रो-गोल्डविन-मेयरमधलं. आर्ट डेको शैलीची इमारत, वातानुकूलित सभागृह आणि पडद्यावर एमजीएमचे चित्रपट. पहिला फिल्मफेअर पुरस्कार सोहळा १९५४ मध्ये इथेच झाला.

१९७० च्या दशकात हे थिएटर एमजीएमच्या हातातून गेलं. पुढे त्याचं मल्टिप्लेक्स झालं, मालक बदलत राहिले. समोरच्या चौकाला आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला 'मेट्रो' सांगितलं की पुरतं.

न्यायालयाचा दणका आणि टीव्हीचं भाडं

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर बड्या स्टुडिओंविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला. निर्मिती, वितरण आणि थिएटर एकाच हातात असणं म्हणजे मक्तेदारी, असा त्याचा अर्थ होता. एक चांगला चित्रपट हवा असेल तर सोबत चार सुमार चित्रपट घ्याच, ही थिएटरवाल्यांवरची सक्तीही बंद झाली. हक्काची थिएटरं गेली म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक गेलं. लोज कंपनीने सर्वांत जास्त काळ तग धरला, पण १९५९ पर्यंत तिलाही थिएटरं आणि स्टुडिओ वेगळे करावे लागले. त्याआधीच, १९५१ मध्ये, शेंकने मेयरला बाहेरचा रस्ता दाखवला होता. १९५७ मध्ये मेयर वारला. कंपनीला इतिहासात पहिल्यांदा तोटा झाला तोही त्याच वर्षी. टॉम-जेरीला सात ऑस्कर मिळवून देणारा कार्टून विभागही १९५७ मध्येच बंद करण्यात आला.

तोवर टीव्ही घरोघरी पोचला होता. टीव्हीवाल्यांना चित्रपट हवे होते आणि स्टुडिओंना पैसे. वॉर्नर ब्रदर्सने १९५६ मध्ये १९५० पूर्वीचे आपले जवळपास सगळे चित्रपट २ कोटी १० लाख डॉलरला विकून टाकले. पॅरामाउंटने १९५८ मध्ये आपले जुने बोलपट ५ कोटी डॉलरला विकले. एमजीएमने विक्री केली नाही, चित्रपट भाड्याने दिले.

या एका निर्णयाचं मोल 'द विझर्ड ऑफ ओझ'वरून कळतं. १९३९ मध्ये त्यावर सुमारे २८ लाख डॉलर खर्च झाले होते आणि पहिल्या फेरीत तो तोट्यात गेला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये सीबीएस वाहिनीने तो दाखवला आणि त्या एका प्रक्षेपणासाठी एमजीएमला २ लाख २५ हजार डॉलर दिले. १९५९ पासून तो दरवर्षी दाखवला जाऊ लागला आणि प्रत्येक वेळी भाडं येत राहिलं. चित्रपट संपला की कमाई संपली, हा जुना समज इथे मोडला.

नवे चित्रपट मात्र जुगार ठरू लागले. १९५९ च्या 'बेन-हर'वर कंपनीने सुमारे दीड कोटी डॉलर लावले. चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले आणि कंपनी तरली. मग दर वर्षी असाच एक भव्य चित्रपट काढायचा मोह झाला आणि १९६२ च्या 'म्युटिनी ऑन द बाउंटी'ने मोठा फटका दिला.

कर्कोरियन आणि १९७० चा लिलाव

१९६९ मध्ये कर्क कर्कोरियनने एमजीएमवर ताबा मिळवला. आर्मेनियन स्थलांतरितांचा हा मुलगा विमान व्यवसायातून वर आला होता आणि त्याचं लक्ष लास व्हेगासच्या कॅसिनोंवर होतं. चित्रपटांपेक्षा कंपनीकडची जमीन आणि सिंहाचं नाव त्याला जास्त मोलाचं वाटलं. स्टुडिओचा कारभार त्याने जेम्स ऑब्रे याच्याकडे सोपवला आणि कात्री चालू झाली.

मे १९७० मध्ये स्टुडिओतल्या वस्तूंचा १८ दिवसांचा लिलाव झाला. डेव्हिड वाइझ नावाच्या लिलावदाराने सुमारे १५ लाख डॉलर देऊन सगळं एकगठ्ठा घेतलं होतं. यात अर्धशतकाचे कपडे, फर्निचर, रथ आणि जहाजंही होती. 'विझर्ड ऑफ ओझ'मध्ये जूडी गारलंडने घातलेल्या लाल बुटांची एक जोडी १५ हजार डॉलरला गेली. त्याच चित्रपटातली दुसरी एक जोडी डिसेंबर २०२४ मध्ये २ कोटी ८० लाख डॉलरला विकली गेली. लिलावघराचं शुल्क धरलं तर हा आकडा सव्वातीन कोटींवर जातो.

बूट निदान कुणीतरी जपले. संगीत विभागातली वाद्यवृंदाची बहुतेक मूळ स्वरलिपी कचऱ्याच्या भरावात गेली. पुढे ब्रिटिश संगीतकार जॉन विल्सनने चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून त्यातलं बरंचसं संगीत कानाने उतरवून काढलं.

बाहेरच्या चित्रीकरणाच्या जागाही घरबांधणीसाठी विकल्या गेल्या. १९७३ मध्ये कंपनीने स्वतःचं वितरणही बंद केलं आणि त्याच डिसेंबरात लास व्हेगासमध्ये दोन हजारांवर खोल्यांचं एमजीएम ग्रँड हॉटेल सुरू झालं. १९८० मध्ये या हॉटेलला लागलेल्या आगीत ८५ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी हॉटेल आणि चित्रपट या दोन वेगळ्या कंपन्या झाल्या. आजची एमजीएम रिसॉर्ट्स आणि एमजीएम स्टुडिओ यांच्यात नाव आणि सिंह सोडला तर मालकीचं नातं नाही.

चित्रपट कंपनीने १९८१ मध्ये ३८ कोटी डॉलरला युनायटेड आर्टिस्ट्स घेतली. 'हेवन्स गेट' या महागड्या चित्रपटाने ती कंपनी खिळखिळी झाली होती, म्हणून ती विक्रीला निघाली होती. तिच्यासोबत जेम्स बाँड आणि रॉकी आले. उदयपूरला चित्रित झालेला, विजय अमृतराज आणि कबीर बेदी यांच्या भूमिका असलेला 'ऑक्टोपसी' हा एमजीएम/युएच्या झेंड्याखाली आलेला पहिला बाँडपट.

७४ दिवसांचा मालक

१९८६ मध्ये टेड टर्नरने सुमारे १५० कोटी डॉलर मोजून एमजीएम/युए घेतली. त्याच्याकडे टीव्ही वाहिन्या होत्या आणि त्यावर दाखवायला चित्रपट हवे होते. साठ वर्षांपूर्वी मार्कस लोची जी अडचण होती, तीच. पण कर्जाचा डोंगर इतका झाला की ७४ दिवसांत त्याला बहुतेक सगळं परत विकावं लागलं. युनायटेड आर्टिस्ट्स, एमजीएमचं नाव आणि सिंह पुन्हा कर्कोरियनकडे गेले. कल्व्हर सिटीतला स्टुडिओ लोरिमार कंपनीने घेतला. आज तिथे सोनी पिक्चर्स आहे.

टर्नरने फक्त चित्रपटांचा साठा ठेवला. एमजीएमचे मे १९८६ पूर्वीचे दोन हजारांहून अधिक चित्रपट त्यात होते. शिवाय वॉर्नरने १९५६ मध्ये विकलेले चित्रपटही फिरत फिरत त्याच साठ्यात आले होते. तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याच साठ्यावर त्याने १९८८ मध्ये टीएनटी, १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क आणि १९९४ मध्ये टीसीएम या वाहिन्या उभ्या केल्या. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आणि टीएनटी भारतात आल्या, त्या टॉम-जेरीला घेऊनच.

मालक झालं म्हणजे चित्रपटाचं काहीही करता येतं का, हा वाद याच काळात पेटला. टर्नरने कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगीत करायला सुरुवात केली. जॉन ह्यूस्टनचा १९५० चा 'द ॲस्फाल्ट जंगल' फ्रान्समध्ये रंगीत दाखवला जाणार होता. ह्यूस्टनच्या वारसांनी दावा लावला आणि १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत १९८८ मध्ये चित्रपट जतनाचा कायदा झाला, त्यामागेही हाच वाद होता.

टर्नरची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. अशा रीतीने टॉम-जेरी वॉर्नरच्या घरी गेले आणि वॉर्नरने चाळीस वर्षांपूर्वी स्वस्तात विकलेले चित्रपटही घरी परतले.

बँक, दिवाळखोरी, ॲमेझॉन

उरलेली एमजीएम कर्कोरियनने १९९० मध्ये इटलीच्या जानकार्लो पारेत्तीला सुमारे १३० कोटी डॉलरला विकली. पैसा फ्रान्सच्या क्रेदी लिओने बँकेचा होता. हप्ते थकले आणि बँकेवर स्टुडिओ चालवायची वेळ आली. १९९६ मध्ये पुन्हा साधारण १३० कोटींनाच तो भागीदारांसह विकत घेणारा कोण, तर कर्कोरियन. आता मात्र त्यालाही गोम कळली होती. जुना साठा गेलेला असल्याने त्याने ओरायन आणि पॉलिग्राम यांचे चित्रपट विकत घेऊन नवा साठा जमवला.

२००५ मध्ये सोनी, कॉमकास्ट आणि काही गुंतवणूक फंडांनी मिळून कर्जासह जवळपास ५०० कोटी डॉलरला एमजीएम घेतली. जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी खपत राहतील आणि त्यातून कर्ज फिटेल, असा हिशेब होता. डीव्हीडीचा बाजार बसला आणि हिशेब फसला. सुमारे ४०० कोटींच्या कर्जाखाली नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वर्षी बाँडपटाचं कामही थांबलं होतं. कंपनी सावरल्यावर २०१२ मध्ये आलेल्या 'स्कायफॉल'ने जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

मे २०२१ मध्ये ॲमेझॉनने ८४५ कोटी डॉलरची बोली जाहीर केली आणि १७ मार्च २०२२ रोजी व्यवहार पूर्ण झाला. खरेदीचं कारण कंपनीने लपवलं नाही. चार हजारांहून अधिक चित्रपट आणि टीव्ही मालिकांचे १७ हजार भाग तिला प्राइम व्हिडिओसाठी हवे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रोकोली कुटुंबाशी झालेल्या करारानंतर बाँडपट कसे काढायचे याचा निर्णयही ॲमेझॉनकडे आला.

आज कोणाकडे काय

सिंह, एमजीएमचं नाव, युनायटेड आर्टिस्ट्स आणि ओरायनचे चित्रपट: ॲमेझॉन.
जेम्स बाँड: ॲमेझॉन आणि ब्रोकोली कुटुंब यांची भागीदारी.
एमजीएमचे मे १९८६ पूर्वीचे चित्रपट आणि टॉम-जेरी: वॉर्नर ब्रदर्स.
कल्व्हर सिटीतला मूळ स्टुडिओ: सोनी.
लास व्हेगासमधलं एमजीएम ग्रँड हे नाव: एमजीएम रिसॉर्ट्स ही स्वतंत्र कंपनी.

या साठ्यालाही मुदत आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार त्या काळातल्या चित्रपटांचे हक्क ९५ वर्षं टिकतात. 'द ब्रॉडवे मेलडी'ची मुदत संपून १ जानेवारी २०२५ पासून तो तिथे सर्वांसाठी खुला झाला आहे. 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझर्ड ऑफ ओझ' यांचा नंबर १ जानेवारी २०३५ रोजी लागेल आणि टॉम-जेरीच्या १९४० च्या पहिल्या कार्टूनचा त्याच्या पुढच्या वर्षी. मूळ चित्रपटांपासून ही सुरुवात आहे. नंतरचे भाग आणि नोंदणीकृत नावं-चिन्हं यांचे हक्क त्यापुढेही मालकांकडे राहतील.